पात्याला सरळ रेघ नसते

जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधलं, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातलं, फोर्ज केलेलं पातं हातात आलं की बहुतेक माणसं ते डोळ्यासमोर आडवं धरून टोकाकडून मुळाकडे बघतात. तिथून पीळ दिसतो. मुळाशी एका दिशेला तोंड असलेला आडवा छेद टोकापर्यंत पोचेतो चांगलाच फिरलेला असतो. एक बाजू खोलगट, दुसरी फुगीर, पुढची कड बारीक गोलाईची, मागची त्याहून पातळ. सपाट जागा शोधायला गेलं तर सापडत नाही. काटकोन नाही, समांतर बाजू नाहीत, आधाराला घ्यावं असं एखादं भोकही नाही. पट्टी, व्हर्नियर, मायक्रोमीटर, गुण्या ही आपली नेहमीची हत्यारं कुठली तरी सरळ कड किंवा दोन समोरासमोरची पृष्ठं धरून चालतात, आणि इथे नेमकं तेच नसतं.

मी मोजमापाच्या कामात आहे आणि नाना तऱ्हेचे जॉब टेबलावर येतात. पण पात्यांइतका जीव दुसऱ्या कशात रमत नाही. त्याचं कारण असं की इथे आकडा घेण्याआधी ‘कुठून’ हे ठरवावं लागतं. दंडगोल मोजताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्याचा अक्ष त्याच्यातच असतो. पात्याचा शून्य आपण ठरवायचा असतो, आणि तो कसा ठरवला यावर पुढचा प्रत्येक आकडा उभा राहतो.

इतक्या काटेकोरपणाची गरज का, हे इंजिनाच्या इतिहासातच आहे. वाफेची टर्बाइन यशस्वी करणाऱ्या चार्ल्स पार्सन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अक्षीय कॉम्प्रेसरही (हवा अक्षाच्या दिशेने ढकलत दाबणारे) बांधले होते. पण हवा दाबायला लागणारी शक्ती आणि प्रत्यक्ष मिळणारा दाब यांचा मेळ बसेना, आणि तो प्रयत्न त्यांनी सोडून दिला. १९२६ साली ए. ए. ग्रिफिथ यांनी दाखवून दिलं की दोष कल्पनेत नव्हता, पात्याच्या आकारात होता. हवा पात्याला धरून वाहतच नव्हती, पृष्ठभागावरून सुटून जात होती. पात्याला विमानाच्या पंखासारखा छेद दिला तर ती धरून राहील, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे आज आम्ही ज्या छेदाची रेघ मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) तपासतो, त्या रेघेवरच अक्षीय कॉम्प्रेसर चालणार की नाही हे ठरलेलं आहे.

दुसरं कारण बळाचं. १०० ग्रॅमचं पातं, त्याचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून ३०० मिलिमीटरवर, आणि वेग मिनिटाला १०,००० फेरे. हिशेब मांडला तर ते पातं मुळाला सुमारे ३३,००० न्यूटन बळाने ओढतं, म्हणजे ३ टनांहून जास्त वजन टांगल्यासारखं. फोर्जिंग करतात ते यासाठी. धातू दाबून घडवला की त्याच्या कणांची रचना पात्याच्या लांबीशी जुळून वाहते आणि पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या ताणाला ते जास्त काळ पुरतं. टर्बाइनच्या अतितप्त भागातली पाती बहुतेक ओतून केलेली असतात, तिथली गरज वेगळी. कॉम्प्रेसरच्या पुढच्या टप्प्यांत मात्र फोर्ज केलेल्या टायटॅनियमचं राज्य आहे.

हे टायटॅनियम म्हणजे बहुतेकदा ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू. साधारण ९९५ अंश सेल्सिअसला त्याची आतली स्फटिकरचना पूर्ण बदलते, म्हणून फोर्जिंग त्याच्या खाली काही दशक अंशांवर करतात. तुकड्यावर काचेचा लेप असतो, तो वंगणही होतो आणि हवेपासून थोडं संरक्षणही देतो. डायच्या, म्हणजे साच्याच्या, दोन भागांत तुकडा दाबला जातो, जादा धातू कडेने पातळ झालरीसारखा बाहेर येतो, तो फ्लॅश. तो कापला जातो. तापलेल्या टायटॅनियमच्या पृष्ठभागात ऑक्सिजन शिरून जो ठिसूळ थर तयार होतो, तो हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक ॲसिडच्या मिश्रणात विरघळवून काढतात. ह्या प्रत्येक पायरीवर पातं थोडं हलतं. प्रेसमधून सुटल्यावर ते उसळून मागे येतं (टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्मा, त्यामुळे हे उसळणंही जास्त), गार होताना जाड मूळ आणि पातळ टोक वेगवेगळ्या वेगाने आकसतात, फ्लॅश कापला की अडकलेला ताण सुटतो, आणि ॲसिड पातळ कडांना दोन्ही बाजूंनी खातं. आमच्या टेबलावर येतं ते पातं एवढ्या सगळ्यातून गेलेलं असतं.

आता पकड.

कोणत्याही घन वस्तूला अवकाशात हलायचे सहा मार्ग असतात, तीन सरळ आणि तीन फिरते. सहा बिंदूंवर टेकवली की ती जागेवर बसते. सातवा बिंदू दिला की ती वाकायला लागते. म्हणून पात्याच्या ड्रॉइंगवर सहा डेटम बिंदू, म्हणजे मोजायचे आधारबिंदू, दिलेले असतात. बरेचसे पात्याच्या वक्र अंगावर, एखादा कडेवर, एखादा मुळाच्या बाजूला. फिक्श्चरमध्ये, म्हणजे पातं धरायच्या चौकटीत, त्या सहा ठिकाणी छोटे गोल टेकू असतात आणि पातं त्यांवर बसवून हलक्या दाबाने धरतात. लहान मुलाची उंची भिंतीशी उभं करून मोजताना आपण आधी टाचा टेकल्यात का बघतो, तसंच इथेही. फरक इतकाच की ह्या टाचा वक्र आहेत आणि त्यांचीही घडण त्याच प्रेसमध्ये झालेली आहे.

दोन डेटम बिंदू एकमेकांपासून ४० मिलिमीटरवर आहेत असं धरू. त्यातल्या एकाखाली ०.०२ मिलिमीटरचा कण अडकला, किंवा तिथेच पातं तेवढं फुगलेलं आहे. डोळ्याला काहीच कळणार नाही. पण दुसऱ्या बिंदूपासून १२० मिलिमीटर दूर टोकाशी तोच फरक ०.०६ होतो, आणि रिपोर्टमध्ये टोक कललेलं दिसतं. टोक जिथे असायला हवं तिथेच आहे, कललीय ती आमची पकड. अशा पात्याला डोळे मिटून रिजेक्टचा शिक्का मारणं मला अन्याय वाटतो. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण त्या तुकड्यामागे बिलेटपासून (धातूच्या मूळ ठोकळ्यापासून) ॲसिडच्या टाकीपर्यंत कितीतरी माणसांचं काम असतं. आणि उलटंही घडतं: पकडीतली चूक पात्यातल्या चुकीला बरोबर विरुद्ध पडली, तर दोष असलेलं पातं हिरवा रिपोर्ट घेऊन पुढे जातं. तिथे अन्यायाहून मोठी गोष्ट पणाला लागलेली असते.

म्हणून पातं काढून, पुसून, पुन्हा बसवून मोजणं ही माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित तपासणी आहे. मशीन स्वतः किती अचूक आहे हे त्याच्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. बसवण्यातला फरक कुठल्याही प्रमाणपत्रावर नसतो, तो आपणच काढावा लागतो. तापमानाचंही उदाहरण घेण्यासारखं आहे. १९३१ पासून लांबीच्या मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान आहे, आणि मेट्रॉलॉजी रूममध्ये त्यावर मोठा खर्च आणि मोठी चर्चा होते. ती रास्तच आहे. पण २०० मिलिमीटर लांबीचं टायटॅनियमचं पातं ५ अंशांनी जास्त गरम असलं तर लांबीत फरक पडतो साधारण ९ मायक्रॉनचा, आणि जाडीत तर नगण्यच. पकडीतला एक कण याच्या कितीतरी पट फरक करून जातो. खोलीच्या तापमानाचा आलेख भिंतीवर टांगलेला असतो, टेकू कधी पुसले याची नोंद क्वचितच दिसते.

मोजायची साधनं बदलत गेली. आधी टेम्प्लेट होते. प्रत्येक छेदासाठी उलट्या आकाराची पातळ पत्र्याची जोडी, दोन बाजूंनी पात्यावर सरकवायची आणि मागून दिवा धरायचा. फटीतून येणारा उजेड वाचायचा. सरावलेला डोळा काही मायक्रॉनची फटही ओळखतो. ह्या पद्धतीत आकडा मिळत नाही, नोंद राहत नाही, दोन माणसांचं मत वेगळं पडू शकतं. तरीही मला तिच्याबद्दल आदर आहे, कारण उजेडाची रेघ चुकीचा आकार दाखवते. कुठे सुरू झाली, कशी रुंदावली, कुठे मिटली, हे सगळं एका नजरेत येतं.

मग डायल गेजची फिक्श्चर्स आली. पात्याभोवती डझनभर डायल, आणि ते शून्यावर आणायला एक मास्टर पातं. काम झटपट होतं, पण सगळा विश्वास त्या मास्टरवर. मास्टर चुकला तर सगळी माणसं, सगळ्या पाळ्या, एकमताने चुकतात. हबल दुर्बिणीची गोष्ट इथे आठवतेच. १९९० मध्ये ती अवकाशात गेल्यावर कळलं की तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता. आरसा अत्यंत काटेकोरपणे घासलेला होता, पण ज्या उपकरणाकडे बघून घासला त्यातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. त्याहून साध्या उपकरणांनी काहीतरी बिनसल्याचं दाखवलं होतं, पण ती कमी अचूक म्हणून त्यांचं ऐकलं गेलं नाही. तेव्हा सीएमएम (पृष्ठभागाला शिवून बिंदूंच्या जागा नोंदवणारं मशीन) आणि टेम्प्लेट यांचं पटत नसेल तर सीएमएम महाग आहे एवढ्या कारणाने त्याच्या बाजूने निकाल देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दोघांचं न पटणं हीच पहिली माहिती.

सीएमएमवरचा प्रोब हा माझा विशेष आवडीचा विषय. १९७२ मध्ये डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी काँकॉर्ड विमानाच्या ऑलिम्पस इंजिनाच्या बारीक इंधननळ्या मोजण्यासाठी टच-ट्रिगर प्रोब बनवला. त्याच्या आत तीन दांड्या असतात आणि प्रत्येक दांडी दोन आधारांमध्ये टेकलेली. एकूण सहा स्पर्श, आणि त्यांतून वाहणारा विजेचा प्रवाह. टोकावरचा माणकाचा गोळा कशालाही लागला की एखादा स्पर्श सैल होतो आणि मशीन तो क्षण, ती जागा नोंदवतं. दूर झाला की दांड्या पुन्हा अगदी त्याच जागी बसतात, कारण सहा बिंदूंवर बसलेल्या वस्तूला दुसरी जागाच नसते. पातं ज्या तत्त्वावर टेकलेलं आहे, त्याच तत्त्वावर त्याला शिवणारा प्रोबही टेकलेला आहे. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मला कितीतरी वेळ आनंद पुरला होता.

गोळ्याची एक अडचण मात्र आहे. मशीनला कळतो तो गोळ्याचा मध्य. पृष्ठभाग त्यापासून एका त्रिज्येइतका दूर, पण कोणत्या दिशेला? पात्याला पीळ असल्यामुळे गोळा ज्या पातळीत चालवला त्या पातळीत तो टेकतोच असं नाही, थोडा वर किंवा खाली टेकतो. दिशा चुकली की भरपाईही चुकते. कडेवर तर हे फार बोचतं. पुढच्या कडेची त्रिज्या ०.१५ मिलिमीटर, गोळ्याची ०.५. गोळ्याचा मध्य ०.६५ त्रिज्येचा कंस काढत जातो आणि त्यातून ०.५ वजा करून आपण ०.१५ मिळवतो. मूळ कंसात ०.०१ ची चूक म्हणजे दीड टक्का. वजाबाकी झाल्यावर तीच चूक जवळजवळ ७ टक्के होऊन बसते. मोठ्यातून मोठं वजा करून छोटं काढायचं असेल तर त्या छोट्यावर किती भरवसा ठेवायचा, हे प्रत्येक रिपोर्टवर लिहायला हवं.

ह्या सगळ्याहून मला जास्त बोलायचंय ते बेस्ट फिटबद्दल. मोजलेले बिंदू आणि कॉम्प्युटरमधला आदर्श आकार एकमेकांवर असे बसवायचे की फरक कमीत कमी राहील. सॉफ्टवेअर बिंदूंचा अख्खा ढग सरकवतं, फिरवतं, आणि जो फरक उरतो तो दाखवतं. ४० मिलिमीटर रुंदीचा छेद पाव अंशाने फिरलेला असेल तर दोन्ही कडा आपापल्या जागेपासून जवळजवळ ०.०९ मिलिमीटर सरकलेल्या असतात. बेस्ट फिटनंतर त्या चित्रात अगदी जागेवर दिसतात. पीळ गेला कुठे? सॉफ्टवेअरने तो उचलून बाजूला ठेवला. ठेवला ते ठीक, पण किती उचलला हे त्याच पानावर लिहिलं नसेल तर तो रिपोर्ट अपुरा आहे. शिवाय बिंदू एका भागात दाट आणि दुसऱ्यात विरळ घेतले असतील तर जुळणी दाट भागाकडे ओढली जाते. म्हणजे स्कॅनिंग कोणत्या बाजूने जास्त केलं यावरसुद्धा निकाल हलतो.

तरी बेस्ट फिट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बारीक फोर्जिंगमध्ये पात्याचं अंग प्रेसमधूनच जवळजवळ अंतिम मापाचं येतं आणि मूळ मागाहून कापलं जातं. मूळ कापायच्या आधी पात्याला बाहेरचा कुठलाच आधार नसतो, पात्याला पात्यावरूनच मोजायचं असतं. त्या टप्प्यावर बेस्ट फिट हा खरा निर्णय आहे. पीळ किती, कल किती, सरकणं किती, हे बघून मूळ कुठे कापावं म्हणजे चूक सगळ्या छेदांत वाटली जाईल, हे ठरवता येतं. दोन-तीन छेदांत सीमेबाहेर जाणारं पातं अशा विचाराने मुळासकट सीमेत आणता येतं, आणि ते प्रामाणिकपणे सीमेत असतं. पण मूळ एकदा कापलं की पात्याचा शून्य कायमचा ठरला. इंजिनात त्याला धरणार ती डिस्कची खाच आणि तिच्यात बसणारं मूळ, तिथे कुणी सॉफ्टवेअर येऊन त्याला पाव अंश फिरवणार नाही. मूळ कापल्यानंतर मोजायचं ते मुळावरून, आणि तेव्हाही बेस्ट फिट वापरलाच तर सरकणं आणि फिरणं यांना ड्रॉइंगवर स्वतंत्र सीमा हव्यात, रिपोर्टवर स्वतंत्र ओळ हवी. हा फरक नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यांत आधी सांगतो. बटण तेच असतं, पण एका टप्प्यावर त्याने निर्णय होतो आणि दुसऱ्या टप्प्यावर दोष झाकला जातो.

आकडे नीट काढले तर ते बोलतातही. सगळीकडे जाडी सारखीच जास्त आली तर डाय पूर्ण मिटली नाही: तुकडा थंड होता, किंवा प्रेसने जोर कमी दिला. खोलगट बाजू एकीकडे सरकलेली आणि फुगीर बाजू दुसरीकडे, पण दोन्हींचा आकार मात्र अचूक, तर वरची आणि खालची डाय एकमेकींवरून घसरलीय. एकाच ठिकाणी, पात्यामागून पात्यात, हळूहळू वाढत जाणारा फुगवटा दिसला तर डाय तिथे झिजतेय, झिजलेल्या जागेत धातू भरतोय. टोकाकडे वाढत जाणारा पीळ असेल तर फ्लॅश कापणं आणि गार होणं तपासायचं. रुंदीबरोबर जाडीही सगळीकडे थोडी कमी, तर ॲसिडच्या टाकीत मुक्काम लांबला. नुसतं पास-फेल कळवणाऱ्या रिपोर्टमध्ये यातलं एकही वाक्य पोचत नाही. प्रेसवरच्या माणसाला ‘फेल’ या शब्दाने काहीच करता येत नाही, ‘खालची डाय ०.०८ ने पुढे’ हे कळलं तर तो पुढच्या तुकड्याआधी ती हलवू शकतो.

एक गोष्ट अशी आहे की तिच्यापाशी माझं मन नेहमी थांबतं. आम्ही मोजतो तो आकार पात्याचा कामाचा आकार नव्हे. चालत्या इंजिनात ते वेगाने ताणलं जातं, अपकेंद्री बळाने त्याचा पीळ थोडा उलगडतो, हवेच्या दाबाने ते किंचित वाकतं, उष्णतेने वाढतं. रचनाकार आधी तो चालता आकार ठरवतात आणि तिथून उलटा हिशेब करत थंड, स्थिर आकारापर्यंत येतात. ड्रॉइंगवर असतो तो हाच थंड आकार. म्हणजे ज्या आकारासाठी सगळा खटाटोप, तो आमच्या टेबलावर कधीच येत नाही. आणि म्हणूनच पिळातली चूक मला जाडीतल्या चुकीपेक्षा गंभीर वाटते. उलगडण्याचा हिशेब सुरुवातीच्या पिळावर बेतलेला आहे, सुरुवातच चुकली तर वेगात गेल्यावर पातं हवेला भलत्याच कोनात सामोरं जाईल.

हल्ली निळ्या प्रकाशाचे पट्टे टाकणारे स्कॅनर काही मिनिटांत पात्यावरचे लाखो बिंदू देतात. रंगीत नकाशा पडद्यावर येतो, हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी. टेम्प्लेटच्या फटीतून दिसणारं अखंड चित्र त्याने परत दिलंय, तेही आकड्यांसकट, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण ड्रॉइंग अजून बऱ्याच ठिकाणी ठरावीक छेदांची आणि त्यांभोवतीच्या पट्ट्याची (चालेल त्या कमी-जास्तीची) भाषा बोलतं. पट्ट्याच्या आत राहिलं की झालं. पुढच्या कडेच्या बाबतीत ही भाषा अपुरी पडते. त्याच पट्ट्यात एक कड छान लंबगोल बसू शकते आणि दुसरी समोरून चपटी झालेली. दोन्ही पास. हवेला मात्र त्या सारख्या नसतात: चपट्या कडेला वळताना हवेचा वेग एकाएकी चढतो आणि लगेच पडतो, पृष्ठभागालगतचा पातळ थर तिथेच बिघडतो, आणि तो बिघाड पूर्ण रुंदीभर मागे जातो. ग्रिफिथ यांनी दाखवलेली हवा सुटण्याची जागा, आता मिलिमीटरच्या अंशात.

तेव्हा कडेसाठी पट्ट्याऐवजी वक्रतेची सीमा द्यावी, कुठे किती झपाट्याने वळायचं ते सांगावं, असं मी रचनाकारांशी बोलताना पुन्हा पुन्हा म्हणतो. ते विचारतात, एवढ्या बारीक कडेची वक्रता खात्रीने मोजता येईल का? स्कॅनरला चकाकत्या कडेवर अडचण येते, प्रोबला वजाबाकीची. सध्या आम्ही तीच कड दोन्ही पद्धतींनी, पातं दर वेळी काढून पुन्हा बसवून मोजतोय आणि दोघांमधला फरक कुठे राहतो ते बघतोय. मुळाकडच्या छेदांत ते जुळतात. टोकाकडे, जिथे कड सर्वांत पातळ आहे, तिथे अजून जुळत नाहीत.